निंबाभाऊंनी गाळलेलं वाक्य

"लेकरूले ठेवाले घर नही लागत, भाऊ. पाय हालू देवाना नहीत, बस."

लेकराला ठेवायला घर लागत नाही, पाय तेवढे हलू द्यायचे नाहीत. निंबाभाऊ हे मला म्हणाले तेव्हा त्यांच्या डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक होती आणि उजवा हात समोरच्या खणांतून अक्षरांचे शिशाचे खिळे उचलत होता. बोलत होते एका पक्ष्याबद्दल. तो त्यांनी कधी पाहिला नव्हता. मीही पाहिला नव्हता. ज्या वाणीसरांनी त्याच्यावर पुस्तक लिहिलं होतं, त्यांनीही पाहिला नव्हता. जळगावात ऊन इतकं की बर्फ म्हटलं की आम्हाला रसवंतीवाल्याच्या गोणपाटाखालची लादी आठवायची. त्या शहरात बसून आम्ही तिघंजण त्या वर्षी पेंग्विनची घरं जुळवत होतो.

केवलचंद यांचा छापखाना बळीराम पेठेत होता. मी तिथे पाच वर्षं प्रुफं तपासली. लग्नपत्रिका, सरकीच्या पेंडीची हँडबिलं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, केळीच्या गटाचे अहवाल. निंबाभाऊ तिथले सर्वांत जुने जुळारी. गाव अमळनेर तालुक्यातलं, शिक्षण चौथी. त्यांच्यापुढे लाकडी केस तिरपी उभी असे. तिच्यात दोनशेच्या वर लहान-लहान खण, एकात क, एकात काना, एकात वेलांटी. निंबाभाऊंचा हात त्या खणांवरून न बघता फिरायचा. जुळाऱ्यापुढची ओळ उलटी असते, अक्षरं डोक्यावर उभी असतात. मी छापलेला कागद वाचे आणि पुढच्या पानावर मागचं विसरे. निंबाभाऊ एकेक अक्षर बोटाने उचलत. वीस वर्षांत त्यांची ओळ सुटली नव्हती. ओळ सुटणं हा जुळाऱ्याचा नेहमीचा दोष. दोन ओळी एकाच शब्दाने सुरू झाल्या की डोळा घसरतो आणि मधली गळून जाते. निंबाभाऊंचा डोळा घसरत नसे.

म्हणून जे झालं त्याचं मला नवल वाटलं.

पण त्याआधी चिंधीबद्दल सांगायला हवं. पासष्टच्या उन्हाळ्यात निंबाभाऊंची बायको सुनंदा बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी गेली. आधीची दोन मुलं महिन्याच्या आत गेलेली. म्हणून सुइणीने या तिसऱ्या मुलीचं नाव चिंधी ठेवलं. चिंधी कोण नेणार? मरणसुद्धा तिच्याकडे बघणार नाही, असा हिशेब. मरणाने चिंधीकडे बघितलं नाही, आईकडे बघितलं. जाण्याआधी सुनंदाने मूल उचललं आणि भोवती उभ्या असलेल्या चार बायांपैकी कोणाच्याही हातात न देता खाटेशी बसलेल्या नवऱ्याच्या पायांवर ठेवलं. एवढंच. काही बोलली नाही. बोलली असती तर त्या बोलण्यातून वाट काढता आली असती, असं निंबाभाऊंच्या थोरल्या बहिणीला, शेवंताबाईंना, पुढे अनेकदा वाटलं.

आमच्याकडे अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं असतं. मूल मामाकडे नाहीतर मावशीकडे जातं. वर्षाने बापाचं दुसरं लग्न होतं. शेवंताबाई बाराव्याला मुलगी न्यायला आल्या. सुनंदाची बहीण मंदाबाई धुळ्याहून आली. निंबाभाऊंनी दोघींना चहा पाजला आणि दोघींना हात हलवत परत पाठवलं.

मेहरूणच्या तळ्याकडच्या वस्तीत त्यांची एक खोली होती. बाहेर नळ. त्या नळाशी दगडावर बसून, पायजमा गुडघ्यावर दुमडून, दोन्ही पाय पुढे पसरून निंबाभाऊ मुलीला पायांवर घेत आणि न्हाऊ घालत. तेल लावत. कान फुंकत. हे बायांचं काम, आणि पाय लांब करून बसायची ही बैठकही बायांची. नळावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसत. शेजारची बेबाबाई वयाने मोठी, तिला पदराची गरज नव्हती.

"निंबाभाऊ, पाचवी पुजली का हो? की तीही तुम्हीच पुजायची?"

"पुजी व्हई," निंबाभाऊ म्हणत. "काय उरनं शे तुमनाकरता?"

"पाय तर बघा कसे सरळ ठेवलेत. आमच्या सुनेला दाखवायला हवेत."

बेबाबाईचं हसू महिनाभरात संपलं. मग ती स्वतःच गरम पाण्याचा तांब्या आणून द्यायला लागली.

दिवसा मूल छापखान्यात. एका मोडक्या केसमधल्या फळ्या निंबाभाऊंनी काढून टाकल्या, खण नाहीसे केले, आत गोधडी घातली आणि ती पेटी स्वतःच्या स्टँडखाली सरकवली. केवलचंद गादीवरून ओरडले, "निंबाभाऊ, हा छापखाना आहे का बालवाडी?" संध्याकाळी वरच्या मजल्यावरून त्यांच्या आईने, सज्जनबाईंनी, वाटीभर दूध पाठवलं. दुसऱ्या दिवशीही पाठवलं. केवलचंद पुन्हा काही बोलले नाहीत.

चिंधी पेटीत मोठी झाली. ट्रेडल यंत्राच्या खटखटीत झोपायची, खटखट थांबली की जागी व्हायची. चालायला लागली तेव्हा तिचा एकच खेळ होता. निंबाभाऊंच्या दोन्ही पावलांवर आपली पावलं ठेवून उभं राहायचं, त्यांचा पायजमा मुठीत धरायचा. मग निंबाभाऊ केसपासून जुळलेल्या ओळी ठेवायच्या गॅलीपर्यंत, गॅलीपासून पानं बांधायच्या दगडापर्यंत तिच्यासकट चालत. पाय उचलून नव्हे, घासत. ती खाली पडू नये म्हणून त्यांची चाल तशी झाली होती आणि एकटे चालतानाही ती तशीच राहिली. मोठ्या माणसाच्या पायांवर उभं राहून चाललेलं मूल मी अनेक घरांत पाहिलं आहे. पण तिथे तो खेळ दोन मिनिटांत संपतो. इथे तोच एक रस्ता होता.

छापखान्यात शिसं असतं. दुपारी केवलचंद प्रत्येक कामगाराला गुळाचा खडा देत. गुळाने शिसं पोटात बसत नाही, असं सगळ्या छापखान्यांत मानतात. चिंधीलाही खडा मिळे. पण तिला गुळापेक्षा काना आवडायचा. बारीक, लांबोडका, थंड खिळा. निंबाभाऊ तिच्या गालात बोट घालून तो काढत. हात रॉकेलने धुवत, मग साबणाने, मग तिला जवळ घेत. तरी नखांत करडी रेघ राहायचीच. आम्हा सगळ्यांचीच नखं तशी होती.

एकोणसत्तरच्या श्रावणात मुलगी पोट धरून रडायला लागली. जेवेना. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिचा ओठ वर केला आणि हिरडीवरची निळसर रेघ निंबाभाऊंना दाखवली.

"काय करता तुम्ही?"

"छापखानामा शे."

"आणि ही?"

"हाई बी."

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं निंबाभाऊ मला म्हणाले. डॉक्टरांनी फक्त एवढं सांगितलं की अंगात शिसं गेलंय, मुलीला तिथून काढा, सहा महिने तरी.

निंबाभाऊंनी मंदाबाईला पत्र लिहिलं. मंदाबाईचा नवरा भाईदास धुळ्याला एस.टी.च्या कारखान्यात फिटर होता. तीन खोल्यांचं घर, परसात पेरू. लग्नाला अकरा वर्षं, दोन मुलं झाली आणि दोन्ही गेली. भाईदास स्वतः येऊन चिंधीला घेऊन गेले. बसमध्ये चढताना ती रडली नाही, कारण तिला वाटलं बाप मागून येतोय. स्टँडखालची पेटी रिकामी झाली. निंबाभाऊंनी गोधडी धुऊन, घडी करून परत तिच्यातच ठेवली.

दिवाळीनंतर वाणीसर पुस्तक घेऊन आले. अमळनेरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, उंच, किंचित वाकलेले. पुस्तकाचं नाव 'बर्फातली बिऱ्हाडं', शाळकरी मुलांसाठी, ऐंशी पानं. पेंग्विनच्या जाती आणि त्या आपली अंडी-पिल्लं कशी सांभाळतात, एवढाच विषय. सरांचं अक्षर वाकडंतिकडं, म्हणून केवलचंदांनी काम निंबाभाऊंना दिलं.

पहिल्यांदाच मी निंबाभाऊंना मजकुराबद्दल बोलताना ऐकलं. लग्नपत्रिकेतल्या वधूवरांबद्दल ते कधी बोलले नव्हते. दगडगोट्यांची घरटी करणाऱ्या ॲडेली पेंग्विनचं पान जुळवताना ते एकटेच हसायला लागले. हे पक्षी एकमेकांच्या घरट्यातले दगड चोरतात. शेजारी पाठ फिरवून बसला की एक दगड हळूच उचलायचा आणि आपल्या अंड्याभोवती लावायचा. बर्फ वितळून पाणी आलं तर अंडं त्या दगडांवर कोरडं राहतं, म्हणून सगळी धडपड.

"हाई तर आपलंच गाव शे, भाऊ! बांधवरना दगड चोरी ऱ्हायनात."

मग बिळात राहणारे. काही जातींना बर्फ माहीतच नसतो. ते उन्हातल्या किनाऱ्यांवर राहतात. तिथे पिल्लाला थंडीपासून नव्हे, उन्हापासून वाचवायचं असतं. म्हणून ते मातीत, नाहीतर पिढ्यान्‌पिढ्या साठलेल्या पक्ष्यांच्या विष्ठेच्या थरात लांब बीळ कोरतात आणि आत सावलीत अंडी घालतात. हे निंबाभाऊंना पटलं. वैशाखात मेहरूणच्या पत्र्याखाली त्यांनी ओलं पोतं टांगून मुलीवर सावली केली होती. मग शेंडीवाले, दोन अंडी घालणारे. पहिलं अंडं लहान असतं आणि ते बहुधा वायाच जातं, दुसरं मोठं, तेच जगतं. ते पान निंबाभाऊंनी एका बैठकीत जुळवलं.

आणि मग सम्राट पेंग्विन. याला घरटंच नाही. भर हिवाळ्यात, सूर्य उगवत नाही अशा दिवसांत, मादी एकच अंडं घालते, नराच्या पायांवर देते आणि समुद्राकडे निघून जाते. नर ते पावलांवर घेऊन पोटाच्या घडीने झाकतो आणि दोन महिने उभा राहतो. काही खात नाही. वाऱ्यात शेकडो नर एकमेकांना चिकटून उभे राहतात, कडेचे हळूहळू आत जातात, आतले कडेला येतात, आणि ही सगळी हालचाल पाय घासत होते. अंडं बर्फाला टेकलं की संपलं.

या पानापाशीच निंबाभाऊ मला ते वाक्य म्हणाले, जे मी सुरुवातीला लिहिलं आहे. मी त्यांच्या पायांकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. मग त्यांनी पुढची ओळ घेतली.

दोन दिवसांनी त्या प्रकरणाचं प्रूफ माझ्यापुढे आलं. मूळ कागदाशी ताडून बघताना एक वाक्य सापडेना. ते असं होतं: "ज्यांचं पिल्लू थंडीत गेलेलं असतं असे मोठे पक्षी एखादं एकटं पिल्लू दिसलं की त्याच्यावर झेप घेतात, दहा-बारा जण भोवती जमतात, प्रत्येकाला ते आपल्या पायांवर हवं असतं, आणि या ओढाताणीत पिल्लू बहुधा चिरडून मरतं." मी समासात खूण केली. दुसरं प्रूफ आलं, वाक्य नव्हतं. मी पुन्हा खूण केली, लाल शाईने. तिसऱ्यातही नव्हतं. मागचं-पुढचं वाक्य मात्र असं बेमालूम सांधलेलं की मुळातलं माहीत नसेल त्याला काही गेल्याचं कळूच नये.

"निंबाभाऊ, ओळ सुटलीय."

"हां."

"तीन वेळा?"

निंबाभाऊंनी चष्मा काढून पुसला. "केसमा अक्षर कमी पडनात," ते म्हणाले. केस भरलेली होती.

शेवटी वाणीसर स्वतः अंतिम प्रुफं बघायला अमळनेरहून आले. वाचता वाचता थांबले, मूळ कागद मागितला. मी काही बोलायच्या आत निंबाभाऊ केसपासून निघून समोर येऊन उभे राहिले.

"सर, ते वाक्य मी नही जुळाडं."

सरांनी वर बघितलं. "का रे?"

"पोरंसोरं वाचतीन."

"वाचतीलच. त्यांच्यासाठीच लिहिलंय."

"इतका जीव लावनारा पक्षी. दोन महिना उपाशी ऱ्हास. आनि त्यास्ना पायखाले पिल्लू मरस? हाई खोटं शे."

सर हसले नाहीत. खुर्ची त्यांच्याकडे सरकवून म्हणाले, "बस." निंबाभाऊ बसले नाहीत. सर म्हणाले, "ते वाईट नसतात रे, निंबा. त्यांचं पिल्लू गेलेलं असतं. दोन महिने सवय झालेली असते पायांवर वजनाची. रिकामे पाय त्यांना सहन होत नाहीत."

"मंग ज्यानं पिल्लू शे त्यानी काय करानं?" ज्याचं पिल्लू जिवंत आहे त्याने काय करायचं?

सरांनी पेनचं टोपण काढलं, लावलं. "हे बघ, मी पेंग्विन पाहिलेला नाही. कॉलेजात पेंढा भरलेला बगळा होता, त्याच्यावर भागवलं मी तीस वर्षं. ज्यांनी पाहिलं त्यांनी लिहिलंय तेवढं मी लिहिलं. काय करावं ते त्यांनी लिहिलेलं नाही." मग म्हणाले, "एक लिहिलंय. पुढच्या पानावर आहे. मादी समुद्रावरून परत येते तेव्हा नर पिल्लू लगेच देत नाही. ती मागते, तो मान खाली घालून उभाच. पण द्यायचं झालं की मग फार चटकन द्यावं लागतं, पायांवरून पायांवर. मधे बर्फ असतो."

"ती आई ऱ्हास."

"हो. ती आई असते."

निंबाभाऊ केसपाशी परत गेले. अर्ध्या तासात ते वाक्य जुळवून त्यांनी गॅलीत घातलं. मागून पुढच्या सगळ्या ओळी सरकवाव्या लागल्या, दोन पानं नव्याने बांधावी लागली. ते काम त्यांनी त्याच दिवशी संपवलं.

पौषात मंदाबाईचं पत्र आलं. भाईदासच्या हातचं, पण बोली मंदाबाईची. मुलगी बरी आहे, जेवते, अंगाने भरली आहे. येत्या जूनमध्ये शाळेत घालायची तर चिंधी हे नाव बरं दिसत नाही, आम्ही ज्योत्स्ना म्हणतो. आम्हाला ती द्यावी, रीतसर दत्तक. संक्रांतीनंतरच्या रविवारी घरच्या चार माणसांनी बसून ठरवावं.

"नही देवाव मी," निंबाभाऊ म्हणाले. त्यांनी सगळी तयारी केली होती. बेबाबाई दिवसभर मुलीला सांभाळायला तयार होती. छापखान्याचे कपडे छापखान्यातच ठेवायचे, आंघोळ करून घरी जायचं, असं ठरलं होतं. केवलचंदांनी मोरीत बादली ठेवली. "तुम्ही चला मनासंगे," ते मला म्हणाले. "कागद करतीन तर वाचाले कोनी पाहिजे." मग स्वतःशीच म्हणाले, "सुनंदानी मना पायवर ठेवी. मंदाना नही." माझ्या पायांवर ठेवली, मंदाच्या नाही.

एरंडोल, पारोळा करत बस धुळ्याला पोचली. निंबाभाऊंच्या मांडीवर पिशवी होती. तिच्यात नवा फ्रॉक, मोरीतल्या आंघोळीसाठी घेतलेली साबणाची वडी आणि 'बर्फातली बिऱ्हाडं'ची पहिली बांधलेली प्रत. वाटेत ते एकदाच बोलले. "माले वळखी ना?" मला ओळखेल ना?

ओळखलं. अंगणात पाऊल टाकताच चिंधी धावत आली आणि त्यांच्या पावलांवर चढून उभी राहिली. चार महिन्यांत ती उंच झाली होती. डोकं आता त्यांच्या कमरेच्या वर पोचत होतं. वजनही वाढलेलं. निंबाभाऊंनी तिला तशीच ओट्यापर्यंत आणली, पाय घासत. हातात हिरव्या काचेच्या बांगड्या, केसांना तेल. मंदाबाई दारात उभी राहून बघत होती. ती हसली नाही आणि मध्येही आली नाही.

आत सतरंजीवर बसलो. शेवंताबाई अमळनेरकडून आधीच येऊन बसल्या होत्या. मंदाबाईने तीळगूळ दिला. मग चिंधीला पुढे घेऊन तिचा ओठ वर केला. "देखा दाजी." हिरडी स्वच्छ गुलाबी होती. निंबाभाऊंनी वाकून बघितलं आणि मग आपली बोटं मुठीत घेतली.

"बरं केलं तुम्ही," ते म्हणाले. "आता मी नेतो." हे त्यांनी शहरी भाषेत म्हटलं, परक्या माणसांशी बोलतात तसं.

भाईदास म्हणाले, "दाजी, तुम्ही छापखान्यात दहा तास. ही कुठे राहणार?"

"बेबाबाईकडे."

"ती सत्तर वर्षांची."

शेवंताबाईंनी सूर लावला. "मना भाऊनी पोर शे. दुसराना घर कसाले राही? बेबाबाई नही जमी तर मी लई जासू. मना आंगनमा चार पोरं शेतीस, पाचवी हाई."

"चार आहेत ना तुमच्याकडे, अक्का?" मंदाबाई म्हणाली. आवाज अगदी हळू होता. "माझ्याकडे किती आहेत ते विचारा ना."

"तुनं नशीब, माय. त्याले मना भाऊ काय करी?"

"शेवंताअक्का, तोंड सांभाळून," भाईदास म्हणाले.

"का? खोटं बोलनी का मी?"

मग कोणीतरी तो खेळ काढला, जो आपल्याकडे प्रत्येक घरात लहान मुलांशी खेळतात आणि ज्यात मोठी माणसं हसत असतात. बहुधा शेवंताबाईंनीच. "तिलेच इचारा. ये, चिंधी, मनाजोडे ये, गूळ देसू." त्यांनी मुलीचा उजवा हात धरला. मंदाबाईने डावा धरला. "ज्योत्स्ना, इकडे. आपला पेरू कोणाचा?" दोघी आधी हसत होत्या. मग शेवंताबाईंनी थोडं ओढलं. मंदाबाईने थोडं जास्त. भाईदासांनी मंदाबाईला आवरायचं म्हणून हात पुढे केला आणि तो मुलीच्या खांद्यावरच पडला. निंबाभाऊ गुडघ्यांवर उठले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तिची कंबर पकडली.

"सोडा," ते ओरडले. "मनी शे. सोडा सगळा."

कोणी सोडलं नाही. एक बांगडी फुटली. त्या बारक्या आवाजाने सगळे क्षणभर थांबले, पण हात होते तिथेच राहिले. चिंधीच्या मनगटावर रक्ताची लहान रेघ आली. ती रडत नव्हती. मान आत ओढून, डोळे घट्ट मिटून, मोठ्यांच्या त्या घोळक्यात मध्यभागी उभी होती. मला त्यांचे हात मोजता आले असते. मी मोजले नाहीत. निंबाभाऊ मात्र बघत होते. त्यांची नजर एकेक हातावरून, खिळे उचलावेत तशी, सावकाश फिरली आणि तिच्या कमरेवरच्या हातांपाशी आली. करड्या नखांचे ते दोन्ही हात त्यांचेच होते.

सर्वांत आधी तेच हात सुटले.

ते सुटलेले बघून भाईदासांनी आपला काढला. शेवंताबाईंनी काहीतरी पुटपुटत मुलीचा हात सोडला. मंदाबाईने सोडला तेव्हा तिला रडू आलं. ती मागे सरकून भिंतीला टेकली आणि तिने पाय लांब पसरले, दमलेली बाई पसरते तसे. तिने चिंधीच्या मनगटाकडे बघितलं आणि उठायच्या आधीच पदराचं टोक फाडलं.

निंबाभाऊ उभे राहिले आणि त्यांनी चिंधीला खुणेने बोलावलं. तिने डोळे उघडले. सवयीने ती त्यांच्या पावलांवर चढली आणि पायजमा मुठीत धरला. सतरंजीवरून पाय घासत निंबाभाऊ निघाले. चार पावलांचं अंतर असेल. त्याला वेळ लागला. शेवंताबाईंनी "निंबा," एवढंच म्हटलं.

मंदाबाईच्या पसरलेल्या पायांपाशी ते पोचले. चिंधीच्या काखेत हात घालून त्यांनी तिला उचललं आणि हवेत क्षणभरही न ठेवता, चटकन मंदाबाईच्या पायांवर बसवलं. मंदाबाईने तिचं मनगट हातात घेतलं आणि पदराची ती चिंधी त्याच्याभोवती गुंडाळायला सुरुवात केली. बापाचा पायजमा मुलीच्या मुठीत अजून होता. निंबाभाऊंनी वाकून तिची बोटं एकेक करून सोडवली.

वास्तविक दत्तकाचा कागद व्हायचा होता, नारळ आणलेला होता, आणि वाचायला म्हणून मी आलो होतो. माझ्याजवळ दोन पेनं होती. निंबाभाऊंनी पिशवीतून पुस्तक काढून सतरंजीवर ठेवलं, फ्रॉक त्याच्यावर ठेवला, साबणाची वडी मात्र पिशवीतच राहू दिली. मग उंबऱ्याशी जाऊन चपला पायांत घातल्या, आणि पाय न घासता, एकेक पाऊल उचलून टाकत बाहेर पडले.